वत्सगुल्मातली एक भिंत

पहाटे पाच

एप्रिलात वऱ्हाडात भिंत रंगवायची तर सूर्य उगवायच्या आत तिच्यापाशी हजर असावं लागतं. दहानंतर रंग ब्रशवरच सुकायला लागतो आणि दुपारी बाराला भिंतीला हात लावला तर चटका बसतो. म्हणून आमचा दिवस पाचला सुरू होतो. मी, हाताखालची दोन पोरं आणि एक हातगाडी. गाडीवर पांढऱ्या बेसच्या बादल्या, स्टेनरच्या बाटल्या, शिडी, घोडी, सुताचा गुंडा आणि पाण्याचे कॅन.

काम चाललंय वाशिमच्या जुन्या बाजारात, बालाजीच्या देवळाकडे जाणाऱ्या एका गल्लीत. जुन्या धान्य-गोदामाची पश्चिमेची भिंत आहे, साठेक फूट लांब आणि चौदा फूट उंच. तीन बाजूंनी दुकानं, समोर दुमजली घर. एकेकाळी या गल्लीत बैलगाडी वळवायला जागा नसायची म्हणे. आता सकाळी नऊपर्यंत निम्मी शटर बंदच असतात, काही तर कायमची. 1998 साली 1 जुलैला अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला, तेव्हापासून गाव नाक्यांकडे सरकत गेलं. मोठी दुकानं, दवाखाने, मोटारसायकलींचे शोरूम अकोला नाक्याकडे, पुसद नाक्याकडे गेले. जुन्या पेठेत राहिले ते किराणेवाले, भांडीवाले, बांगड्यांची दोन-चार दुकानं आणि देवदर्शनाला येणारी माणसं. या दुकानदारांनीच भिंत रंगवायची ठरवली. थोडे पैसे त्यांनी घातले, थोडे एका कार्यालयाकडून यायचे आहेत.

सहा

उजाडताच पहिलं काम रंगाचं नसतं. तळहात भिंतीवर टेकवत शेवटपर्यंत चालत जायचं. कुठे थंड लागतं ते बघायचं. थंड लागलं म्हणजे तिथे ओल आहे.

या भिंतीला खालून तीनेक फूट लोणा लागलेला होता. आत जुनी भाजकी वीट आणि चुना-माती, वरून कुणीतरी पुढे केव्हातरी चढवलेला सिमेंटचा गिलावा. अशी भिंत जमिनीतलं पाणी ओढत राहते. चुना असता तर ते पाणी हळूहळू बाहेर उडून गेलं असतं. सिमेंट त्याला वाट देत नाही, मग पाणी वर चढतं, सोबत जमिनीतलं मीठ घेऊन येतं, आणि पाणी उडालं की मीठ पृष्ठभागावर फुलतं. पांढरी भुकटी दिसते ती हीच. तिच्यावर कितीही भारी कंपनीचा रंग मारा, एका पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. भिंतीवरची बहुतेक चित्रं अशीच मरतात आणि लोक म्हणतात पेंटर चांगला नव्हता.

म्हणून आम्ही खालचा गिलावा फोडून काढला, विटा तारेच्या ब्रशनं घासल्या, बरेच दिवस नुसत्या उघड्या ठेवल्या आणि मग चुना-वाळूचा नवा गिलावा दिला. त्या पट्ट्यावर चित्र काढायचंच नाही, फक्त चुन्याचा हात द्यायचा आणि तो दर दिवाळीला परत द्यायचा, असं ठरलं. आपल्या घरांच्या मातीच्या भिंतींना बायका दर सणाला पांढऱ्या मातीचा पोतारा देत आल्या, तळाला गेरूचा पट्टा ओढत आल्या, त्यात हेच शहाणपण होतं. खालचा भाग खराब होणारच, तो दरवर्षी नवा करायचा.

पण खरं दुखणं वर आहे. गोदामाच्या पत्र्याचा पन्हाळ कोपऱ्यात फुटलाय. पावसात तिथून पाण्याची धार थेट भिंतीवर येते. तो बदलल्याशिवाय त्या कोपऱ्यातले आठ फूट मी रंगवणार नाही, असं पहिल्याच बैठकीत सांगून ठेवलंय. अजून पन्हाळ बदललेला नाही. कोपरा तसाच कोरा आहे.

सात

आता सूत मारायचं. गेरूत बुडवलेली दोरी एकानं एका टोकाला धरायची, दुसऱ्यानं दुसऱ्या टोकाला ताणायची, मधून उचलून सोडली की भिंतीवर लाल रेघ उमटते. आडव्या-उभ्या रेघांनी चौकटी पडतात. कागदावरच्या चित्रालाही तेवढ्याच चौकटी. मग एकेक चौकट कोळशानं भिंतीवर उतरवायची.

चित्रात काय असावं याच्यासाठी आम्ही रंगाच्या आधी याच गल्लीत, किराणा दुकानाच्या ओट्यावर बसलो होतो. मी कोरी वही उघडून ठेवली आणि विचारलं, इथे काय दिसावं? कुणी म्हणालं बालाजी. कुणी शिवाजी महाराज, कुणी बाबासाहेब, कुणी सेवालाल महाराज. एका पोरानं मोबाइलवर वारली चित्रं दाखवली, हे छान दिसते म्हणाला.

वारलीबद्दल मला मनापासून आदर आहे. पालघरच्या घरांत लग्नाच्या वेळी बायका तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक लिहितात, त्याला विधीचं स्थान आहे. जिव्या सोमा मशेंनी ती रेघ जगभर नेली. पण आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही कचेरीच्या कंपाउंडवर तीच काडी-माणसं गोल धरून नाचताना दिसतात, गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत. काढणाऱ्यानं डहाणू पाहिलेलं नसतं, बघणाऱ्यानं तारपा ऐकलेला नसतो. वाशिमच्या भिंतीनं वाशिमचं काही सांगायला नको का?

आणि सांगण्यासारखं आहे. हे गाव म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. 1939 साली इथेच विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट सापडला. गावापासून जवळ हिस्से-बोराळ्याला शिलालेख मिळाला, शके 380 चा, म्हणजे इसवी सन 458 च्या आसपासचा. राजा देवसेनाच्या काळात त्याच्या एका अधिकाऱ्यानं सुदर्शन नावाचा तलाव बांधल्याची त्यात नोंद आहे. देवसेनाचा मुलगा हरिषेण. हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं करवून घेतलं, आणि तिथल्या लेखात खिडक्या-दारांबरोबर सुंदर चित्रवीथींचाही उल्लेख आहे. जगातले लोक अजिंठ्याची भिंतचित्रं बघायला विमानानं येतात, आणि त्या काळी त्या चित्रांमागे जी राजसत्ता उभी होती तिची राजधानी हे आपलं वाशिम. माझ्या शाळेत हे मला कुणी सांगितलं नाही. ओट्यावर मी हे सांगितलं तेव्हा भांडीवाले काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मंग आपल्या भिंतीवर तो तलाव पाह्यजे."

तर चित्र असं ठरलं. मधोमध सुदर्शन तलाव आणि त्याच्या पाळीवरून चाललेला आजचा बाजार. हळदीची पोती घेऊन आलेली रिसोडकडची बैलगाडी, तूर पाखडणारी बाई, बांगड्या भरणारा, तांड्यावरून आलेल्या बंजारा बाया, ओट्यावरचे म्हातारे. देव आणि महापुरुष भिंतीवर नकोत, हेही ठरलं. त्यावर वाद झाला, पण एका आजोबांनी निकाल लावला. ते म्हणाले, भिंतीच्या कडेला माणसं थुंकतात, उभी राहतात, मग देवाला तिथं कायले उभं करता? मला हे फार पटलं. लोकांनी घाण करू नये म्हणून जिन्यात देवांच्या फरशा लावायच्या, हे देवाला पहारेकरी नेमण्यासारखं आहे.

साडेआठ

शटर वर जायला लागतात. चहा येतो. आमच्यावर नजर ठेवणाऱ्यांची संख्या वाढते.

भिंतीचं काम आणि कॅनव्हासचं काम यात फरक हाच. इथे प्रत्येक रेघ चालू असतानाच तिच्यावर मत मिळतं. भाजीची पाटी घेऊन रोज कोपऱ्यावर बसणाऱ्या मावशी शिडीखाली येऊन उभ्या राहिल्या. चित्रातल्या बाईच्या हातातलं सूप त्यांनी नीट पाहिलं.

"काऊन रे बापू, असं कोनी पाखडते का?"

"मग कसं, मावशी?"

त्यांनी पाटी खाली ठेवली, हातात सूप असल्यासारखे दोन्ही हात धरले आणि दाखवलं. सुपाची पुढची कड किंचित खाली, कोपरं अंगाला चिकटलेली, आणि झटका मनगटातून. मी काढलेल्या बाईची कोपरं हवेत होती. कोळशाची रेघ पुसून तिथेच नवी मारली. मावशींनी मान हलवली आणि पाटी उचलून गेल्या. आता ती बाई जुळली. बाजारात आयुष्य काढलेली माणसं असल्या गोष्टी डोळे मिटून ओळखतात, आणि त्यांनी हे चित्र आपलं मानलं तर ते टिकेल.

नऊ ते साडेअकरा

आता खरा रंग. पांढऱ्या बेसमध्ये स्टेनर थेंबाथेंबानं घालून रंग घोटायचा. हळदीसाठी पिवळा मिळवायला सर्वांत जास्त वेळ गेला. डब्यातला पिवळा लिंबासारखा येतो, हळद तशी नसते. त्यात किंचित नारिंगी, अगदी थोडा तपकिरी गेला तेव्हा वाळलेल्या हळकुंडाची फाक दिसायला लागली. खात्री करायला किराणा दुकानातून हळकुंड आणून मोडलं आणि भिंतीला लावून पाहिलं.

अजिंठ्याच्या चित्रकारांजवळ रंग मोजके होते. गेरूचा लाल, पिवळी माती, हिरवा दगड, काजळी, चुन्याचा पांढरा, आणि दूरच्या अफगाण मुलखातून येणारा निळा लाजवर्द. खाली मातीचा थर, त्यात भुसा आणि गवताचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, मग डिंक-सरसात कालवलेला रंग. म्हणजे त्यांनीही आधी भिंत केली, मग चित्र. माझ्या पोरांना मी हे सांगतो तेव्हा त्यांना वाटतं मी घासकाम करवून घ्यायला सांगतोय. तसंच आहे, आणि अजिंठ्याचं ते खरंही आहे.

दहाच्या पुढे हात झपाट्यानं चालवावा लागतो. मोठे सपाट भाग आधी, बारीक काम संध्याकाळी. तलावाचं पाणी तीन निळ्यांत, ओल्यावर ओला रंग चढवून. साडेअकराला समोरच्या घराच्या कौलावरून ऊन घसरत भिंतीवर येतं. ब्रश पाण्यात. डब्यांची झाकणं घट्ट. ओलं फडकं वर.

बारा

गावातल्या एका कार्यालयात बिलाची चौकशी करायला गेलो. तिथे जे ऐकायला मिळालं ते नेहमीचंच. भिंतीच्या कामाचं बिल चौरस फुटावर निघतं. म्हणजे एका रंगात "झाडे लावा, झाडे जगवा" लिहिलेला फूट आणि पाखडणाऱ्या बाईच्या मनगटाचा फूट यांची किंमत एकच. गिलावा फोडण्याचे, भिंत सुकवण्याचे, बैठकांचे दिवस त्या दरात कुठेच बसत नाहीत. साहेब बाहेर होते. फाइल पुढच्या टेबलावर आहे, असं सांगण्यात आलं.

स्वच्छ सर्वेक्षण 2016 पासून सुरू झालं, माझी वसुंधरा अभियान 2020 च्या 2 ऑक्टोबरपासून. या दोन्हींमुळे महाराष्ट्रातल्या लहान गावांतल्या हजारो भिंती रंगल्या आणि फ्लेक्सनं ज्यांचं पोट मारलं त्या पाटी रंगवणाऱ्या पेंटरांना काम मिळालं, हे मी कृतज्ञतेनं सांगतो. मीही त्यातलाच. पण पाहणी करणारं पथक यायच्या आठवड्यात रात्रंदिवस रंगवायचं, पथक गेलं की वर्षभर बघायचं नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच पापुद्र्यांवर नवा हात द्यायचा, या पद्धतीत भिंतीचं आणि पेंटरचं दोघांचंही नुकसान आहे. पैशाचा एक भाग दुरुस्तीसाठी राखून ठेवायला कोणता नियम आडवा येतो, हे मला आजवर समजलेलं नाही.

दुपारी एक ते चार

भाकरी, पिठलं, कांदा, ठेचा. जेवण गोदामाच्या आत पोत्यांच्या आडोशाला, तिथे गारवा असतो. पोरं झोपतात. मला झोप येत नाही, मी मोबाइलवर चित्रं बघत पडतो.

चंद्रपूर आणि बल्लारशाह स्थानकांची चित्रं मी पुन्हा पुन्हा बघतो. ताडोबाचे वाघ, जंगल, पक्षी. 2018 मध्ये रेल्वेच्या स्थानक-सजावट स्पर्धेत ही दोन विदर्भातली स्थानकं देशात पहिली आली. मधुबनी आणि मदुराई दुसरी. विदर्भातल्या माणसानं हे लक्षात ठेवावं. तिथे चित्र का जमलं? कारण गाडीतून उतरणाऱ्याला आपण कुठल्या मुलखात आलो ते भिंत सांगते. आमच्या वाशिम स्थानकावर उतरणारा माणूस पोहरादेवीला निघालेला असतो, शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाला किंवा कारंज्याला. त्यालाही असं काही सांगता येईल.

अमेरिकेत फिलाडेल्फिया नावाचं शहर आहे. तिथे 1984 मध्ये भिंती खराब करणाऱ्या पोरांनाच हाताशी धरून भिंतचित्रांचा कार्यक्रम सुरू झाला. जेन गोल्डन या चित्रकार बाईंकडे ते काम होतं. आज तिथे हजारो भिंतचित्रं आहेत. मला त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी वाटते. कुणाची भिंत, कुणाच्या घरासमोर, त्याला आधी विचारायचं आणि त्यालाच कामात घ्यायचं. हे करायला अमेरिकेचा पैसा लागत नाही, ओटा लागतो.

चित्रानं पेठ पुन्हा उभी राहते का, असं मला लोक विचारतात. एकट्या चित्रानं नाही. पार्किंग नाही, नाली उघडी, रस्त्यावर दिवा नाही, अशा गल्लीत चित्र बघायला कुणी दुसऱ्यांदा येणार नाही. पण चित्राच्या निमित्तानं या दुकानदारांनी पहिल्यांदा एकत्र बसून नालीवर झाकण टाकून घेतलं आणि बंद पडलेला दिवा लावून घेतला. त्याच पेठेतले हे लोक इतकी वर्षं फक्त भाडं आणि उधारी यांवर बोलत होते.

पाच

समोरच्या घराची सावली भिंतीवर परत येते. बारीक काम आता.

आज बंजारा बायांचे पोशाख घ्यायचे होते. फेटिया, कांचळी, डोक्यावरची टुकरी. फोटो होते माझ्याजवळ, पण फोटोतून भरतकाम कळत नाही. बांगड्यांच्या दुकानात मानोऱ्याकडून आलेल्या दोघी जणी बसल्या होत्या, सासू आणि सून. सून साडीत, सासूबाई पुऱ्या पोशाखात. दुकानदारीणबाईंनी त्यांना बोलावून आणलं.

सासूबाई आधी बोलेनात. मग भिंतीवर मी काढलेल्या आरशांकडे बघून हसल्या. मी नुसते पांढरे गोल ठिपके दिले होते. त्यांनी बाही पुढे केली. एक आरसा, नखाएवढा. त्याच्या कडेला आधी दोऱ्याची चौकट, ती आरशाला पकडून ठेवते. त्या चौकटीत गुंतवत गोल फिरणारे टाके, अगदी एकाला एक लागून. बाहेर पुन्हा दुसऱ्या रंगाचा गोल. म्हणजे आरशाचा उघडा भाग थोडाच, कडा जाड आणि उठलेली. मी एका ठिपक्याभोवती लाल, मग पिवळी, मग बारीक पांढऱ्या टिंबांची कड दिली. त्या म्हणाल्या, आता चमकते. मग कानाजवळ लटकणारी घुगरी-टोपली दाखवली, कांचळीची पाठ उघडी असते आणि ती दोऱ्यांनी बांधतात हे दाखवलं. सून मोबाइलवर सगळं टिपत होती. "आमच्या घरात हे आता सासूबाईच घालतात," ती म्हणाली.

भिंतीवरच्या त्या बाईचा चेहरा मी कोरा ठेवला. सासूबाई पुढच्या बाजाराला येणार आहेत. त्यांची हरकत नसेल तर तो चेहरा त्यांचाच.

साडेसहा

शाळेतली पोरं येतात. त्यांच्यासाठी तलावाच्या काठचं गवत आणि कमळाची पानं राखून ठेवली आहेत. प्रत्येकाला एक पान. पान कसंही निघालं तरी चालतं, फक्त रंग ओघळू द्यायचा नाही. एक लहान मुलगी आपल्या पानावर मुंगी काढायची का, असं विचारते. काढ म्हणालो.

या पोरांमुळे भिंतीचं रक्षण होतं, हा माझा अनुभव आहे. काल संध्याकाळी खर्रा तोंडात घेऊन एक जण भिंतीकडे वळला, तेव्हा दहा वर्षांचा पोरगा ओरडला, "काका, तिथं माहं पान हाये!" तो गृहस्थ खरोखरच पुढे नालीपर्यंत गेला.

आठ

ब्रश धुणं. प्रत्येक ब्रश बोटांनी मुळापर्यंत उकलून, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग केस सरळ करून आडवे ठेवायचे. पोरं कंटाळतात, पण चांगला ब्रश महाग असतो.

दुकानं बंद करता करता पाच-सहा जण ओट्यावर जमले. विषय दोनच होते. पहिला, उरलेल्या रंगांचे डबे. प्रत्येक डब्यावर मी रंगाचं नाव, स्टेनरचं प्रमाण आणि चित्रातली जागा लिहून ठेवलीय, म्हणजे उद्या मी नसलो तरी कुणीही पेंटर तीच हळद, तेच पाणी परत मिळवू शकेल. ते ठेवायचे कुठे? किराणेवाल्यांनी आपल्या माडीची जागा दिली. दर दिवाळीला चुन्याचा हात आणि खरवडलेल्या जागांची दुरुस्ती, खर्च सगळ्यांत वाटून, असं वहीत लिहून सह्या झाल्या.

दुसरा विषय पन्हाळ. गोदामाचे मालक पुण्याला असतात. भांडीवाल्या काकांनी त्यांना माझ्यासमोर फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि पाच मिनिटं गावाकडच्या सगळ्यांची ख्यालीखुशाली झाल्यावर मुद्द्यावर आले. मालक म्हणाले, पत्रेवाल्याला पाठवा, पैसे मी टाकतो. पत्रेवाला परवा सकाळी येतोय. पन्हाळ बसल्यावर तो कोपरा पंधरा दिवस सुकू द्यायचा आहे, म्हणजे पावसाच्या आत तो रंगवून होईल. तिथे काय काढायचं, यावर ओट्यावर बोलणं सुरू झालं होतं तेव्हा मी निघालो.